बाधित भागावर हलक्या हाताने

त्या पत्राला पत्रकवाल्यांनी कधीच उत्तर पाठवलं नव्हतं. पाठवलं नाही हेही ते विसरले होते आणि पुढची काही वर्षं सुखाने विसरून राहिले असते. पण त्या दिवशी सकाळी, जिन्याखालच्या टपालपेट्यांना पाठ घासताना, ते पकडले गेले. पेट्या पत्र्याच्या. मधल्या रांगेतल्या एका पेटीचं झाकण वाकून किंचित बाहेर आलेलं, आणि ते नेमकं त्या जागी पोचत होतं: दोन्ही खांद्यांच्या मध्ये, जरा खाली, जरा डावीकडे. हातात भाजीची पिशवी, पिशवीतून कोबी डोकावतोय, आणि चेहऱ्यावर, आपल्याकडे कुणी बघत नाही अशी खात्री असलेल्या माणसाचा निर्लज्ज आनंद. पेटी कुणाची ते त्यांना ठाऊक नव्हतं. झाकण वेळेवर दुरुस्त न करणाऱ्या त्या भल्या भाडेकरूला मनातल्या मनात दुवा देत, डोळे मिटून, गुडघे जरासे वाकवून ते वर-खाली होत होते. तेवढ्यात कुणीतरी खाकरलं. तळमजल्यावरच्या टेलरबाई आपल्या दुकानाच्या दारात उभ्या होत्या. गळ्यात टेप, तोंडात टाचण्या. टाचण्या त्यांनी सावकाश एकेक करून काढल्या आणि मनगटाला बांधलेल्या छोट्या उशीत खोचल्या, यावरूनच पत्रकवाल्यांनी ओळखलं की आता आपली सुटका नाही.

"काय काका, काय चाललंय?"

"काही नाही. पत्र आलंय का बघत होतो."

"पाठीनं?"

यावर काय बोलायचं ते पत्रकवाल्यांना जिना चढून घराचं कुलूप उघडेपर्यंत सुचलं नाही. त्यांचं नेहमी असंच व्हायचं. चोख उत्तर सुचायचं ते कुलूप उघडताना किंवा दात घासताना, आणि या वेळी तर अर्धा कोबी चिरून झाला तरी सुचलं नाही. डोक्यात एकच शब्द अडकून बसला होता: पत्र. आपल्याला पत्र कोण पाठवणार? लेक फोन करते. बँकवाले पाठवतात त्याला काही पत्र म्हणत नाहीत. आणि मग, हातात अर्धा कोबी धरून, त्यांना ते पत्र आठवलं. नुसतं आठवलं नाही, तर त्यातली आकृतीसुद्धा डोळ्यांपुढे आली, आणि पाठीवरची ती जागा, जणू काही तिचं नाव घेऊन कुणी हाक मारावी तशी, पुन्हा खाजू लागली.

पत्रकवाले हे काही त्यांचं आडनाव नव्हे. मलमाच्या कारखान्यात ते नोकरीला लागले तेव्हा त्यांचं काम कुणालाच नीट सांगता येत नसे. मलमाच्या खोक्यात ट्यूबभोवती एक पातळ कागद घडी घालून ठेवलेला असतो. तो कागद, म्हणजे माहितीपत्रक, लिहायचं काम त्यांचं; त्यावरूनच हे नाव पडलं. इतकी वर्षं त्यांनी ते इमानाने केलं. जगात भरपूर छापलं जाणारं आणि मुळीच न वाचलं जाणारं असं काही लेखन असेल, तर ते आपलं, असं ते बायकोला म्हणत. घरात भिंतभर पुस्तकं होती. ती वाचता वाचता कधीकाळी आपणही काहीतरी लिहू असं त्यांना वाटायचं. मग एखादं खरोखर चांगलं पान वाचलं की वाटणं बंद व्हायचं. लिहिलं ते एवढंच: "बाधित भाग स्वच्छ व कोरडा करून त्यावर हलक्या हाताने मलम लावावे." साहेबांना तिथे "चोळावे" हवं होतं. पत्रकवाले आयुष्यात एकदाच साहेबांशी भांडले, ते या शब्दावरून. खाजणाऱ्या, लाल झालेल्या कातडीवर चोळायचं नसतं, सर, असं म्हणताना त्यांचे कान तापले होते. "अलगद" त्यांनी लिहून पाहिलं. ते कवितेसारखं वाटलं. "सावकाश" म्हणजे माणूस तासभर लावत बसेल. शेवटी "हलक्या हाताने" सापडलं, साहेबांनी मान हलवली, आणि त्या दिवशी पत्रकवाले घरी येताना उगाचच लांबच्या रस्त्याने आले.

आणि मग काही काळाने ते पत्र आलं. मोजणी खात्यातून निवृत्त झालेल्या कुणा गृहस्थांचं. अक्षर सरळ, ताठ, नकाशावर गावांची नावं घालणाऱ्याचं असावं तसं. आपल्या मलमाचे माहितीपत्रक लक्षपूर्वक वाचले, असं त्यात होतं. एवढ्या पहिल्या वाक्यानेच पत्रकवाले खुर्चीत सरळ होऊन बसले. लक्षपूर्वक वाचले असं त्यांना आजवर कुणी कळवलं नव्हतं. पुढे होतं: "बाधित भागावर हलक्या हाताने लावावे, अशी सूचना आहे. माझा बाधित भाग पाठीवर असून सोबतच्या आकृतीत फुलीने दाखवला आहे. तेथे माझा कोणताही हात, हलका वा जड, पोचत नाही. घरात दुसरे कोणी नाही. तरी कसे लावावे, ते कळवावे." खाली आकृती. माणसाची पाठ, दोन फराटे खांद्यांचे, मधोमध कण्याची तुटक रेघ, कोपऱ्यात उत्तर दिशा दाखवणारा बाण, आणि कण्याच्या जरा डावीकडे एक फुली. उत्तर दिशा मानेकडे होती. ते पत्र कारखान्यात टेबलाटेबलांवरून फिरलं. चहाच्या सुट्टीत साहेबांनी उभं राहून ते वाचून दाखवलं आणि हसता हसता त्यांना ठसका लागला. पत्रकवालेही हसले. हसता हसता त्यांच्या मनात आलं की यात चूक आपलीच आहे. त्यांनी भीत भीत साहेबांना सुचवलं की पुढच्या छपाईत एक ओळ वाढवावी: आवश्यक वाटल्यास दुसऱ्या व्यक्तीची मदत घ्यावी.

"आणि दुसरी व्यक्ती कुठून आणायची?" साहेब म्हणाले. "खोक्यात घालून देतो का आपण? उद्या मागतील लोक, ट्यूब मिळाली, व्यक्ती मिळाली नाही म्हणून."

ओळ वाढली नाही. संध्याकाळी त्यांनी ती गंमत बायकोला सांगितली, पत्रही दाखवलं. उत्तर दिशेच्या बाणापाशी ती हसेल अशी त्यांची अपेक्षा होती. ती बाणाकडे बघत राहिली आणि म्हणाली, "मग? काय कळवलंत?"

"अजून काही नाही. काय कळवणार?"

"असं कसं? विचारलंय ना त्यांनी."

आणि जेवणं झाल्यावर ती म्हणाली, "बघू तुमची पाठ."

"मला काही झालेलं नाही."

"माहितीये. बघू."

पत्रकवाल्यांनी उत्तर लिहायला घेतलं होतं. "आपले पत्र मिळाले" इथपर्यंत दरवेळी बरं जायचं. पुढे काय? "शेजाऱ्यांची मदत घ्यावी" हे लिहायला सोपं. पण जो माणूस शेजाऱ्याला विचारू शकतो तो मलमाच्या कारखान्याला पत्र कशाला पाठवेल? आपण त्याच्या जागी असतो तर विचारलं असतं का? छे. बायको आहे म्हणून आपली पाठ आपल्याला पाठ वाटते, नाहीतर तीही मोजणी खात्याच्या ताब्यातला दूरचा डोंगर झाली असती. असा विचार करत करत ते पत्र एका जाड पुस्तकात खूण म्हणून गेलं. ते पुस्तकही त्या पानाच्या पुढे कधी गेलं नाही. बायको मात्र गेली. आणि आता डोंगर खाजत होता.

खाज सुरू झाल्यावर ते केमिस्टकडे गेले होते. दुकानात गर्दी. "कुठे येतेय खाज?" केमिस्टने असं काही विचारलं की रस्त्यापलीकडच्या माणसालाही आपापली खाज आठवावी. "मला नाही," पत्रकवाले म्हणाले, "एका मित्राला. पाठीला." मित्राचं वय? माझ्याएवढंच. मग कातडी कोरडी पडली असणार, केमिस्ट म्हणाला, वयाने होतं तसं. मित्राला सांगा, कढत पाण्याने आंघोळ करू नका, साबण कमी वापरा, आणि अंग टिपून झाल्या झाल्या, ओलसर असतानाच, हे साधं क्रीम लावा. फारच खाज सुटली तर हे दुसरं, पण थोडेच दिवस. बरं नाही वाटलं तर डॉक्टरला दाखवा. आणि खाजवू नका. "एकटेच राहतात का मित्र?" "का?" पत्रकवाले एकदम म्हणाले. "नाही, पाठीला लावायचं म्हणजे..." केमिस्टचं वाक्य पुरं व्हायच्या आत ते फुटपाथवर होते. घरी येऊन त्यांनी आधी खोक्यातलं पत्रक उघडून वाचलं. कंपनी दुसरी. "पातळ थर द्यावा," असं होतं त्यात. थर! भिंतीला देतात तसा. पण खाली, अगदी बारीक अक्षरांत, त्यांना ते दिसलं: हलक्या हाताने. आपली चोरी झाली आहे या जाणिवेने त्यांना इतका आनंद झाला की काही क्षण खाजही थांबली.

त्यानंतर जे काही झालं ते कुठल्याही पत्रकात बसण्यासारखं नव्हतं. त्यांनी उलथन्याला मऊ फडकं गुंडाळून त्यावर क्रीम घेतलं आणि खांद्यावरून मागे टाकलं. क्रीम मानेला, कॉलरला आणि मागच्या कपाटातल्या पुस्तकांना लागलं. खालून वर प्रयत्न केला तेव्हा खांद्यातून असा आवाज आला की पुढे दोन दिवस खाजेपेक्षा खांदाच बोलत होता. कुणाच्या तरी सांगण्यावरून ओटचं पीठ पाण्यात कालवून आंघोळ केली. बरं वाटलं; पण आपल्याला कुणीतरी शिजत घातलं आहे असं सारखं वाटत राहिलं, आणि मोरी तुंबली. गच्चीतल्या कुंडीतली कोरफड सोलून पाठीकडे नेली तर ती हातातून निसटली आणि भिंतीला जाऊन चिकटली. भिंतीचा तो भाग अजूनही चांगला तुकतुकीत आहे. बर्फाचा खडा शर्टाच्या कॉलरमधून आत सोडून पाहिला. तो बाधित भागाला न शिवता सरळ खाली उतरला आणि जिथे जाऊन थांबला तिथे त्यांना कसलीही तक्रार नव्हती. मग एका दुपारी त्यांना स्वतःचाच अभिमान वाटावा अशी युक्ती सुचली. पलंगावर प्लास्टिकचा मोठा कागद पसरायचा, त्यावर बेताने क्रीम लावायचं, आणि आपण त्यावर उताणं झोपायचं. मलम माणसाकडे जात नसेल तर माणसाने मलमाकडे जावं. हे वाक्य त्यांना आवडलं. ते झोपले. क्रीम थंड होतं, जागा जवळजवळ बरोबर होती, छताकडे बघत ते जरासे डावीकडे सरकले, आणि फोन वाजला. उठावं तर प्लास्टिक सोडेना. पाठीवर राजाच्या झग्यासारखं प्लास्टिक मिरवत ते फोनपर्यंत गेले.

"बाबा, काय करताय?" लेक.

"वाचतोय."

"कसला चुरचुर आवाज येतोय?"

"पान उलटलं."

"एवढं मोठं?" ती थांबली. "पाठ कशी आहे?"

"तुला कुणी सांगितलं पाठीचं?"

"मी आले होते ना मागे, तेव्हा फ्रिजला घासत होतात तुम्ही."

"मी फ्रिज सरकवत होतो."

"पाठीनं? बाबा, तिथे कुणाला तरी सांगा ना क्रीम लावून द्यायला. त्यात काय एवढं!"

"सांगतो," पत्रकवाले म्हणाले आणि फोन ठेवून, प्लास्टिकसकट, खुर्चीच्या अगदी कडेला बसले. त्यात काय एवढं. सांगायचं म्हणजे कुणाला, आणि त्याआधी, कोणत्या शब्दांत? वरच्या मजल्यावरच्या गृहस्थांना? "नमस्कार, आपण मागच्या वर्षी लिफ्टमध्ये हवेबद्दल बोललो होतो. माझ्या पाठीला क्रीम लावाल का?" नाही. "आपणांस विशेष तसदी होणार नसेल तर..." हे तर अर्जासारखं झालं, आणि अर्जाला उत्तर येतं ते नामंजुरीचंच. बायको गेली तेव्हा पुष्कळ लोकांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला होता. नंतर ते हात आपापल्या घरी गेले. न्हावी डोक्याला हात लावायचा, पण डोकं म्हणजे काही पाठ नव्हे. डॉक्टरने कधीतरी पाठीला नळी लावून मोठा श्वास घ्यायला सांगितलं होतं, आणि पत्रकवाल्यांनी तो गरजेपेक्षा जास्त वेळ घेतला होता. आता टपालपेटीच्या झाकणावर दिवस काढायचे होते, आणि आज सकाळी, टेलरबाईंनी पकडल्यावर, तेही हातचं गेलं.

कोबी तसाच टाकून त्यांनी ते जाड पुस्तक काढलं. पत्र होतं. कागद पिवळा पडला होता, पण फुली अजून ठसठशीत होती. आरशाकडे पाठ करून, मान मोडेपर्यंत वळवून त्यांनी आपली जागा पाहिली, मग आकृती पाहिली. जरा खाली, जरा डावीकडे. अगदी तीच. त्यांना पहिल्यांदाच वाटलं की हा माणूस विनोदी नव्हता. त्याने कित्येक दिवस वाट पाहिली असेल. रोज खाली उतरून पेटी उघडली असेल, आणि मग, कोण जाणे, त्याच पेटीला पाठ लावून उभा राहिला असेल. "काय कळवलंत?" बायको अजून विचारत होती. काय कळवणार? उत्तर द्यायला ते आधी आपल्याला माहीत असायला हवं. पत्रकवाल्यांनी पत्र घडी घालून खिशात ठेवलं, क्रीमच्या ट्यूबशेजारी. ट्यूब हल्ली ते खिशातच बाळगत, उगाच, कुठे एखादं योग्य हँडल किंवा खांब भेटलाच तर असावी म्हणून.

दुपारी ते पुन्हा खाली उतरले, झाकणाचा लोभ सुटेना म्हणून. टेलरबाईंच्या दुकानाचं दार उघडं होतं. आत त्या एका गिऱ्हाइकाचं माप घेत होत्या. टेपचं टोक मानेच्या हाडाशी धरून त्यांनी दुसऱ्या हाताने तो पाठीवरून खाली ओढला, आणि तो घसरू नये म्हणून मधे दोन बोटं दाबली. अगदी मधे. गिऱ्हाईक काही न वाटता समोरच्या कॅलेंडरकडे बघत उभं होतं. पत्रकवाले मात्र बघतच राहिले. मग ते वर गेले आणि कपाटाच्या तळाशी त्यांनी शर्टाचं ते कापड शोधलं, जे बायकोने त्यांच्यासाठी हौसेने आणलं होतं आणि "शिवा की हो" म्हणत राहिली होती. घडीवर डांबराच्या गोळ्यांचा वास होता. गिऱ्हाईक गेल्याची खात्री करून ते दुकानात शिरले.

"शर्ट शिवायचा होता."

"तुम्हाला?" टेलरबाई म्हणाल्या. "इतक्या वर्षांत एक बटण आणलं नाहीत कधी लावायला. लग्न ठरलंय का?"

"मापाचा बरा असतो."

"या, उभे राहा. सरळ. काका, सरळ म्हणजे परेडला नाही. श्वास सोडा."

पत्रकवाल्यांनी श्वास सोडला. टेप मानेला लागला, खांद्यावरून गेला, दंडाभोवती फिरला. मग तो पाठीवर आला. टेलरबाईंची दोन बोटं टेकली, पण एक बोटभर उजवीकडे! एवढं आयुष्य गेलं, एवढं कापड खर्ची पडणार, आणि बोटभराने चुकतंय. ते अगदी थोडे सरकले.

"हलू नका."

ते पुन्हा सरकले. बोटंही सरकली, तेवढीच, बरोबरीने.

"काका, माप चुकतंय माझं."

"जरा डावीकडे आहे," त्यांच्या तोंडून निघून गेलं.

"काय डावीकडे आहे?"

"पाठ."

टेलरबाईंनी टेप खाली घेतला. शिलाई मशीनवर पडलेल्या दोऱ्याचं टोक पंख्याने हलत होतं. "पाठ मधेच असते, काका," टेलरबाई म्हणाल्या. "सगळ्यांची. मी रोज बघते." आणि मग, आवाज बदलून, "खाज येतेय का?"

मित्राला, असं म्हणायला पत्रकवाल्यांनी तोंड उघडलं. मित्र आता खूप थकला होता. "हो," ते म्हणाले. एवढासा शब्द, पण तो बाहेर पडताना त्यांचे कान तापले, साहेबांशी भांडताना तापले होते तसे.

"म्हणून सकाळी पत्र बघत होतात! थांबा, पट्टी आणते, खाजवून देते."

"खाजवायचं नसतं," पत्रकवाले घाईघाईने म्हणाले. "लावायचं असतं. क्रीम."

"आणि ते कुठाय?"

त्यांनी खिशातून ट्यूब काढली. टेलरबाई ट्यूबकडे, मग कापडाकडे, मग पत्रकवाल्यांकडे बघत राहिल्या. "म्हणजे ट्यूब खिशात, आणि वर हे कापड नाचवत आणलंत माझ्यापुढे! अहो, दार वाजवायचं आणि सांगायचं, बाई, पाठीला लावून द्या. जीभ झडते का काय? करा शर्ट वर."

"हलक्या हाताने," पत्रकवाले कॅलेंडरकडे बघत म्हणाले.

"बरं. आणखी काही सूचना?"

नव्हत्या. क्रीम आधी थंड लागलं, मग कुठेच लागेनासं झालं. बोटं त्या जागेवरून गोल फिरत होती, न चोळता, न घाई करता, आणि टेलरबाई तोंडाने सांगत होत्या की त्यांच्या नवऱ्याला घामोळं आलं की तो अख्खा डबा पावडर ओतून घेतो आणि मग घरभर पांढऱ्या पावलांचे ठसे. की तुम्ही व्हिनेगर लावून बघा. व्हिनेगर लावायचं नाही हे पत्रकवाल्यांना माहीत होतं, पण त्यांनी वाद घातला नाही. इतक्या वर्षांपूर्वी आपण लिहिलेल्या वाक्याचा अर्थ त्यांना आत्ता, पाठीकडून, कळत होता. चुकलेलं नव्हतं ते. अपुरं होतं. "माहितीये. बघू," असं कुणीतरी म्हणालं, खूप मागून. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. क्रीममधल्या मेंथॉलमुळे असेल, असं त्यांनी ठरवलं. क्रीममध्ये मेंथॉल नव्हतं हे त्यांना पक्कं ठाऊक होतं, पत्रक त्यांनी वाचलं होतं.

"झालं," टेलरबाई हात पुसत म्हणाल्या. "आता खरं सांगा, शर्ट शिवायचाय, की कापड नेताय परत?"

"शिवायचाय."

"मग ट्रायलला या परवा. आणि ट्यूब विसरू नका."

घरी येऊन ते टेबलाशी बसले. "आपले पत्र मिळाले" लिहून झालं आणि नेहमीसारखा हात थांबला. तो माणूस आता असेल का? तेव्हाच निवृत्त होता. त्या पत्त्यावर आता दुसरंच कुणी राहत असेल. ते उघडून वाचतील, हसतील, चहाच्या वेळी एकमेकांना दाखवतील. दाखवू देत. आणि तो माणूस नसलाच, तर त्याची खाजही नसेल. पण असला तर त्याची पाठ असणारच, आणि पाठीवर ती फुली. त्यांनी पुढे लिहिलं, या वेळी एकही शब्द न खोडता:

"उत्तरास फार उशीर झाला, क्षमस्व. आपल्या आकृतीतील जागा अचूक आहे. माझीही तीच निघाली. माहितीपत्रकातील वाक्य अपुरे होते. ते असे वाचावे: बाधित भागावर दुसऱ्याने हलक्या हाताने मलम लावावे. घरात दुसरे कोणी नसल्यास एक शर्ट शिवायला टाकावा. माप घेताना जागा जरा डावीकडे आहे, असे सांगावे. यासाठी थोडे धाडस लागते, ते ट्यूबसोबत मिळत नाही."

शेवटचं वाक्य जरा कवितेसारखं झालं, असं त्यांना वाटलं. खोडावं का? त्यांनी पाकीट घाईने बंद केलं, खोडायचा मोह होण्याआधीच. तिकीट चिकटवून, चपला घालून ते जिना उतरले. वाकलेल्या झाकणाच्या पेटीपुढून ते आज न थांबता गेले; नुसतं तिच्याकडे बघून, जुन्या ओळखीच्या माणसाकडे बघावं तसं, त्यांनी मान हलवली. टेलरबाईंच्या मशीनची खडखड थांबली.

"काका, आता कुठे?"

"पत्र टाकायला."

"हातानंच टाका हं!"

चोख उत्तर आजही सुचलं नाही. ते नुसते हसले, कोपऱ्यावरच्या पोस्टाच्या पेटीपर्यंत गेले, आणि पत्र हाताने आत टाकलं. हलक्या हाताने.